दीड लाखाचा नवा लॅपटॉप घ्यायचा, की आहे तोच अजून दोन वर्षं चालवायचा? असा करा हिशोब

रील चाळता चाळता अनबॉक्सिंगचा एक व्हिडिओ समोर येतो. काळ्या खोक्यातून चकचकीत लॅपटॉप बाहेर निघतो, स्क्रीनवरचे रंग डोळे दिपवतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'नो कॉस्ट ईएमआय'. त्याच वेळी टेबलावरच्या तुमच्या चार-पाच वर्षं जुन्या लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा घरघरत असतो आणि ब्राउझर उघडायला अर्धा मिनिट लागत असतं. मग मनात विचार येतोच, घेऊनच टाकू का नवा?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात दीड लाख रुपये अडकलेले असतात. अनेकांसाठी ही चार-पाच महिन्यांची पगाराची रक्कम असते. कुणाच्या घरी ते पैसे मुलाच्या फीसाठी बाजूला ठेवलेले असतात. म्हणून 'भारी लॅपटॉप कुठला' या प्रश्नाआधी 'मला तो लागतोय का' हा प्रश्न सोडवायला हवा. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही. एक-दोन संध्याकाळ आणि एक वही पुरते.

आधी दुखणं नेमकं कुठं आहे ते बघा

'लॅपटॉप स्लो झालाय' हे वाक्य 'अंगात कणकण आहे' यासारखं आहे. कारणं दहा असू शकतात. डॉक्टरही आधी थर्मामीटर लावतो, मग औषध देतो. लॅपटॉपचा थर्मामीटर त्याच्या आतच असतो.

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' हा भाग बघायचा. लॅपटॉप रिकामा असताना बघून उपयोग नाही. तुमचं रोजचं काम सुरू असताना, आणि नेमका तो अडकतो त्या क्षणी, कोणता आकडा शंभराला टेकलाय ते बघा.

मेमरी, म्हणजे रॅम, ९० टक्क्यांच्या वर असेल तर दुखणं रॅमचं आहे. डिस्क सतत १०० टक्के दाखवत असेल तर दुखणं स्टोरेजचं आहे. सीपीयू १०० टक्के असेल, तर कोणतं सॉफ्टवेअर तो खातंय ते खालच्या यादीत दिसतं. कधी तो खरंच तुमचा व्हिडिओ एडिटर असतो, तर कधी न विचारता सुरू झालेलं एखादं फालतू अ‍ॅप. आणि तिन्ही आकडे आरामात असूनही मीटिंग अडकत असेल, तर दोष वायफायचा आहे. दीड लाखाचा लॅपटॉप आणलात तरी ते वायफाय तसंच राहणार.

मॅकबुकवर हेच काम अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर करतो. त्यात 'मेमरी प्रेशर'चा आलेख असतो. तो हिरवा असेल तर रॅम पुरतेय. कामाच्या वेळी वारंवार पिवळा किंवा लाल होत असेल तर पुरत नाहीये.

नवा लॅपटॉप घेण्याआधीचे चार स्वस्त उपाय

पहिला उपाय एसएसडीचा. तुमच्या लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर निम्मं उत्तर तिथंच मिळालं. हार्ड डिस्कमध्ये एक चकती फिरते आणि एक सुई माहिती शोधत तिच्यावर पुढे-मागे सरकते. ती सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते. साधी साटा एसएसडी ५५० एमबीपर्यंत जाते आणि एनव्हीएमई प्रकारची एसएसडी ३,५०० एमबी किंवा त्याहून पुढे. पण खरा फरक या आकड्यांतही नाही. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाईली इकडून तिकडून वाचाव्या लागतात. त्यात सुईची धावपळ होते आणि एसएसडीला सुईच नसते. म्हणून जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवली की तो नव्यासारखा वाटतो.

दुसरा उपाय रॅमचा. आज ब्राउझरचे वीस टॅब, व्हॉट्सअ‍ॅप, एक्सेल आणि एक व्हिडिओ कॉल एवढ्यातच ८ जीबी रॅम भरते. ती भरली की लॅपटॉप एसएसडीचा थोडा भाग रॅमसारखा वापरायला लागतो आणि सगळं मंदावतं. ८ ची १६ जीबी केली तर बहुतेकांचं काम भागतं. अडचण एकच, अनेक पातळ लॅपटॉपमध्ये आणि आजच्या सगळ्याच मॅकबुकमध्ये रॅम वाढवता येत नाही, ती कायमची बसवलेली असते. तुमच्या मॉडेलमध्ये रिकामा स्लॉट आहे का, हे टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावरच अनेकदा दिसतं. शिवाय २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे जगभरात मेमरी चिप्सचे भाव चढले. मायक्रॉन कंपनीने तर त्या डिसेंबरमध्ये किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे रॅमचा जुना भाव डोक्यात धरून दुकानात जाऊ नका. पण वाढलेल्या भावातही रॅम टाकणं नव्या लॅपटॉपपेक्षा स्वस्तच पडतं.

तिसरा उपाय बॅटरीचा. चार्जर काढला की तासाभरात लॅपटॉप बंद पडतो, म्हणून अनेकजण नवा घेतात. बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे, टायरसारखी. अ‍ॅपल आपल्या आधुनिक मॅकबुकच्या बॅटऱ्यांचं आयुष्य १,००० चार्ज सायकल धरते. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची क्षमता. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी बदला, लॅपटॉप नाही. मात्र टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा लॅपटॉपचं बूड फुगलेलं दिसत असेल, तर बॅटरी फुगलीय. मग हिशोब करत बसू नका. चार्जिंग ताबडतोब थांबवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या, कारण अशी बॅटरी पेट घेऊ शकते.

चौथा उपाय साफसफाईचा. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग कमी करतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. पंख्यात धूळ अडकली आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली की हे वारंवार होतं. आपल्याकडे तर हवामानही साथ देत नाही. मॅकबुकसाठी अ‍ॅपलने सांगितलेलं वापराचं तापमान १० ते ३५ अंश आहे. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कोणताही लॅपटॉप जाहिरातीतला वेग कसा देणार? लॅमिंग्टन रोड असो की तुमच्या तालुक्याच्या बाजारपेठेतलं दुकान, लॅपटॉप उघडून साफ करणं आणि पेस्ट बदलणं हे रोजचं काम आहे.

हे चारही उपाय केले आणि काम सुरळीत झालं, तर विषय संपला. लॅपटॉप अजून दोन वर्षं आरामात चालेल.

विंडोज १० बंद झालं, मग लॅपटॉप भंगारात काढायचा?

नवा लॅपटॉप घ्यायला लावणारं दुसरं मोठं कारण हे. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा अधिकृत सपोर्ट संपला. याचा अर्थ लॅपटॉप चालायचा थांबत नाही, पण सुरक्षेचे नवे अपडेट येणं बंद होतं. ज्या लॅपटॉपवर तुम्ही नेट बँकिंग करता, त्याच्यासाठी ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

विंडोज ११ साठी काही अटी आहेत. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी, सिक्युअर बूट हवं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत अ‍ॅप तुमचा लॅपटॉप पात्र आहे का ते सांगतं. इथे एक गंमत लक्षात ठेवा. अनेक लॅपटॉपमध्ये टीपीएम असतं, पण बायोसच्या सेटिंगमध्ये बंद करून ठेवलेलं असतं. ते सुरू केलं की 'अपात्र' लॅपटॉप पात्र होतो.

खरंच अपात्र असेल तरी वाट बंद होत नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आणली, तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर घेतला तर ती मोफत मिळते, नाहीतर ३० डॉलरच्या आसपास पैसे भरून. हा वेळ पैसे साठवण्यासाठी आणि शांतपणे निवड करण्यासाठी वापरता येतो. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्येच होतं, ते लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकून जुनं यंत्र आणखी काही वर्षं वापरू शकतात.

मॅकच्या बाबतीत रेषा वेगळी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिप आली आणि अ‍ॅपलने इंटेलची साथ सोडायला सुरुवात केली. मॅकओएस टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची मोठी आवृत्ती असेल, हे कंपनीने जून २०२५ मध्ये सांगितलं. त्यामुळे इंटेल मॅकबुक असेल तर बदलाचा विचार रास्त आहे. एम१ असेल आणि रॅम पुरत असेल, तर एम५ चं नाव ऐकून अस्वस्थ होण्याचं कारण नाही.

'दुप्पट वेगवान' म्हणजे तुमचं काम निम्म्या वेळात होणार का?

नाही, आणि याचं गणित जुनं आहे. जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडलेला नियम आजही तसाच लागू पडतो. कामाचा जेवढा भाग यंत्रावर अवलंबून आहे, तेवढाच भाग यंत्र बदलल्याने वेगवान होतो.

उदाहरण घेऊ. एक व्हिडिओ तयार करायला तुम्हाला १० तास लागतात. त्यातले ८ तास तुम्ही फुटेज बघता, कापता, गाणं बसवता. उरलेले २ तास प्रीव्ह्यू आणि एक्स्पोर्टमध्ये यंत्राची वाट बघता. नवा लॅपटॉप दुप्पट वेगवान असेल तर २ तासांचा १ तास होईल. एकूण वेळ १० वरून ९ तास. म्हणजे दुप्पट वेगाच्या यंत्राने तुमचं काम फक्त १० टक्के लवकर झालं. चौपट वेगाचं यंत्र आणलं तर साडेआठ तास. आणि जगातलं सगळ्यात वेगवान यंत्र आणलं तरी ८ तासांच्या खाली तुम्ही येऊ शकत नाही, कारण ते ८ तास तुमच्या डोक्याचे आणि हाताचे आहेत.

त्यातही एक्स्पोर्ट तुम्ही रात्री लावून झोपत असाल, तर ती बचत झोपेतच होते. मोजायचा वेळ तोच, ज्यात तुम्ही हातावर हात ठेवून स्क्रीनकडे बघत बसलेले असता.

नावावर जाऊ नका

समजा, घ्यायचं ठरलंच. तरी महाग लॅपटॉप म्हणजे वेगवान लॅपटॉप असं सरळ समीकरण नसतं.

'आय७ म्हणजे आय५ पेक्षा भारी' हे आपण धरून चालतो. इंटेलच्या बाराव्या पिढीतले दोन प्रोसेसर बघा. आय७-१२५५यू मध्ये १० कोअर आहेत आणि त्याची मूळ वीजमर्यादा १५ वॉट आहे. आय५-१२५००एच मध्ये १२ कोअर आहेत आणि मर्यादा ४५ वॉट. जड कामात हा आय५ त्या आय७ ला मागे टाकतो. म्हणजे आकड्याइतकंच शेवटचं अक्षर महत्त्वाचं. 'यू' म्हणजे बॅटरी वाचवणारा, 'एच' म्हणजे ताकदीचा.

ग्राफिक्स कार्डात हा घोळ आणखी मोठा आहे. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉप कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसवता येतं. खोक्यावर नाव एकच, पण आतली ताकद वेगळी. डेस्कटॉपशी तुलना करतानाही सावध राहा. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ५०९० मध्ये ३२ जीबी मेमरी आहे, त्याच नावाच्या लॅपटॉप कार्डात २४ जीबी. त्यामुळे नावाऐवजी तुमच्या नेमक्या मॉडेलची चाचणी बघा, आणि ती दोन मिनिटांची नको, अर्धा तास जड काम चालवलेली हवी. मॅकबुक एअरमध्ये पंखाच नसतो. छोट्या कामात तो अफाट वेगवान वाटतो, पण लांबलचक एक्स्पोर्टमध्ये तापून थोडा मंदावतो. तुमचं काम कोणत्या प्रकारचं आहे, यावर निवड ठरते.

'एआय लॅपटॉप'चं काय?

मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'कोपायलट प्लस पीसी' ही नवी जात आणली. अट अशी की किमान १६ जीबी रॅम हवी, २५६ जीबी स्टोरेज हवं आणि सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करू शकणारा एनपीयू नावाचा वेगळा भाग हवा. कॉलमध्ये पार्श्वभूमी धूसर करणं, आवाजातला गोंगाट काढणं, फोटोतली काही कामं हा भाग कमी विजेत करतो.

पण चॅटजीपीटी किंवा जेमिनी तुम्ही ब्राउझरमध्ये वापरता, तेव्हा सगळी आकडेमोड कंपनीच्या सर्व्हरवर होते. तुमचा लॅपटॉप फक्त अक्षरं दाखवतो. त्यासाठी एआयचं लेबल लावलेला लॅपटॉप लागत नाही. मशीन लर्निंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही सुरुवातीला गुगल कोलॅबवर मोफत जीपीयू मर्यादित वापरासाठी मिळतो. आधी तिथे शिका, मर्यादा खरंच नडायला लागली की मग खरेदीचं बघा.

आपल्याकडच्या अनेक व्यावसायिकांसाठी आणखी एक इशारा. सुरुवातीचे असे लॅपटॉप स्नॅपड्रॅगनच्या, म्हणजे एआरएम रचनेच्या प्रोसेसरवर आले. त्यावर जुनी सॉफ्टवेअर रूपांतराने चालतात, पण हार्डवेअरचे जुने ड्रायव्हर चालत नाहीत. त्यांना एआरएमसाठी बनवलेला ड्रायव्हरच लागतो. तुम्ही डीटीपीचं काम करत असाल आणि मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल लावून चालत असेल, टेंडर किंवा जीएसटी भरायला डिजिटल स्वाक्षरीचं टोकन वापरत असाल, किंवा दुकानातला जुना प्रिंटर जोडायचा असेल, तर पैसे देण्याआधी दुकानातच ते लावून बघा. मॅकवर जाणाऱ्यांनीही हेच करावं. सॉलिडवर्क्ससारखी इंजिनिअरिंगची काही सॉफ्टवेअर मॅकसाठी बनतच नाहीत.

आता पैशांकडे येऊ

समजा, तुम्ही लग्नाचे व्हिडिओ एडिट करता. नव्या लॅपटॉपची किंमत १,६०,००० रुपये. जुना विकून २५,००० आले. तुमच्या खिशातून गेले १,३५,०००. चार वर्षांनी हा लॅपटॉप विकून ३५,००० येतील असं धरू. म्हणजे चार वर्षांचा खरा खर्च १,००,००० रुपये, वर्षाला २५,०००.

आता कमाईची बाजू. रोज एक तास तुम्ही यंत्राची वाट बघत वाया घालवता आणि नवं यंत्र तो अर्ध्या तासावर आणतं. महिन्यात २५ दिवस काम धरलं तर साडेबारा तास वाचले. तुमच्या एका तासाची कमाई २०० रुपये असेल तर महिन्याला २,५००, वर्षाला ३०,००० रुपये. खर्च २५,०००, फायदा ३०,०००. घ्यायला हरकत नाही असं वाटतं.

पण थांबा. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास. त्यात लग्नांचे मुहूर्त जवळपास नसतात. म्हणजे वर्षातले आठ महिनेच भरगच्च काम. आठ महिन्यांचे होतात २०,००० रुपये. आता तोच सौदा वर्षाला ५,००० रुपये तोट्यात गेला. शिवाय वाचलेल्या अर्ध्या तासात तुम्ही खरंच नवं काम घेणार असाल, तरच ते पैसे आहेत. त्या वेळात रील बघणार असाल, तर ती सोय झाली, कमाई नव्हे. सोयीसाठी पैसे मोजण्यात काही वाईट नाही. फक्त तिला 'गुंतवणूक' म्हणून स्वतःची समजूत घालू नका.

उलट, जुन्या लॅपटॉपवर फोर-के फुटेज उघडतच नाही म्हणून तुम्हाला महिन्याला एक ऑर्डर परत पाठवावी लागत असेल, तर वरच्या गणिताची गरजही नाही. तिथे नवा लॅपटॉप काही महिन्यांत स्वतःचे पैसे वसूल करेल.

नो कॉस्ट ईएमआय खरंच नो कॉस्ट असतो का?

रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते. आज नो कॉस्ट ईएमआयमध्ये होतं असं की बँक व्याज लावतेच, विक्रेता किंवा कंपनी तेवढी सूट किमतीत आधी देते. १,६०,००० रुपये, १२ हप्ते आणि बँकेचा दर १५ टक्के धरला तर आतलं व्याज साधारण १२,३०० रुपये होतं. ते सुटीत वळतं होतं. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सुमारे २,२०० रुपये, आणि तो तुम्हीच भरता. वर बँकेचं प्रोसेसिंग शुल्क.

सगळ्यात महत्त्वाचं, एकरकमी पैसे दिले तर किती सूट मिळते ते विचारा. ती सूट ईएमआयमुळे हुकत असेल, तर तोच तुमचा खरा 'कॉस्ट' आहे. आणि महिन्याचा हप्ता १३,३३३ रुपये आहे. कॉलेज सुटून नुकती नोकरी लागलेल्या मुलाने एखादा हप्ता चुकवला तर दंड, क्रेडिट कार्डाचं व्याज आणि सिबिल स्कोअर, तिन्ही एकदम अंगावर येतात.

व्यवसाय करणाऱ्यांसाठी थोडी सवलत आहे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. १,६०,००० मध्ये तो सुमारे २४,४०० रुपये आहे. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल आणि बिल फर्मच्या नावावर घेतलं, तर तो इनपुट क्रेडिट म्हणून वळता करता येतो. हिशोबाची पुस्तकं ठेवत असाल तर संगणकावर आयकरात ४० टक्के दराने घसाराही मिळतो. खरेदीआधी आपल्या सीएला एक फोन करा.

मग नवा लॅपटॉप कधी घ्यावा?

कामाचं सॉफ्टवेअर जुन्या यंत्रावर चालतच नसेल आणि रॅम-एसएसडी वाढवायची सोय नसेल, तेव्हा. सुरक्षेचे अपडेट थांबले असतील आणि पर्याय उरला नसेल, तेव्हा. दुरुस्तीचा खर्च जुन्या लॅपटॉपच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त होत असेल, तेव्हा. रोजचा प्रवास किंवा गावातलं भारनियमन यामुळे दिवसभर टिकणारी बॅटरी ही कामाचीच गरज असेल, तेव्हा. आणि वरच्या हिशोबात तुमचा वाया जाणारा वेळ खर्चापेक्षा महाग पडत असेल, तेव्हा.

यातलं एकही लागू नसेल, तर लॅपटॉप कंटाळवाणा झालाय, निकामी नाही.

घेणार असाल तर रॅमवर कंजुषी करू नका, कारण ती नंतर वाढवता येईलच असं नाही. अ‍ॅपलनेही ऑक्टोबर २०२४ पासून मॅकबुक एअरमध्ये ८ ऐवजी १६ जीबी हा किमान आकडा केलाय. सर्वात नव्या मॉडेलऐवजी एक पिढी मागचं वरच्या दर्जाचं मॉडेल बघा. नवं बाजारात आलं की त्याची किंमत उतरते आणि वेगातला फरक रोजच्या कामात क्वचितच जाणवतो. तुमच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का, हेही बघा. वॉरंटी बहुतेक वेळा एकाच वर्षाची असते.

जुना लॅपटॉप विकताना बॅकअप घ्या, सगळ्या खात्यांतून लॉग आउट व्हा आणि रीसेट करताना डेटा पूर्ण पुसण्याचा पर्याय निवडा. नुसत्या फाईली डिलीट केल्या तर त्या परत काढता येतात, आणि त्यात तुमचं आधार, पॅन, घरचे फोटो असतात. अगदीच मोडका असेल तर रद्दीवाल्याला देऊ नका. २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा. अनेक कंपन्या तो परत घेतात.

शेवटचं काम, आजपासूनच करा. लॅपटॉपशेजारी एक छोटी वही ठेवा. पुढचे सात दिवस तो जेव्हा जेव्हा अडेल, तेव्हा वेळ, काम आणि किती मिनिटं थांबावं लागलं ते लिहा. आठवड्याच्या शेवटी मिनिटांची बेरीज करा आणि तिला आपल्या तासाच्या कमाईने गुणा. आकडा मोठा आला तर दुकानात जा, आणि ती वही सोबत न्या, म्हणजे विक्रेता काय दाखवतोय यापेक्षा तुम्हाला काय हवंय हे ठरलेलं असेल. पान जवळपास कोरंच राहिलं, तर दीड लाख रुपये बँकेत असू द्या.